दिवाळे गावचे बत्तीस फॉर्म

१

सतरा डिसेंबरच्या मंगळवारी सकाळी पावणे गावातल्या ‘चंद्रहास फूड्स’मधलं लोखंडी कपाट उघडलं, आणि कपाटात पुढलं वर्ष नव्हतं.

पुढलं वर्ष म्हणजे एक लाल फाइल. कारखान्याचे मालक चित्रे यांची ही दरसालची हौस होती. डिसेंबर लागला की येत्या वर्षी लोक काय खातील, काय पितील याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर कारखाना चालवायचा. मागे एकदा या अंदाजातून झटपट उपम्याचं पाकीट निघालं होतं आणि ते बरं खपलं होतं, त्यामुळे चित्र्यांचा या फाइलवर पंचांगाइतका विश्वास बसला होता. यंदा प्रश्न शहाऐंशी सालच्या पेयाचा होता. बाटलीतलं कोकम, संत्र्याचं सरबत आणि पिशवीतलं मसाला ताक, असे तीन उमेदवार उभे होते. वाशीच्या साठ आणि दिवाळे गावच्या बत्तीस बायकांना तिन्ही पेयं पाजून, त्यांच्या नावागावानिशी, तारीखवेळेनिशी फॉर्म भरून घेतले होते. ते ब्याण्णव फॉर्म त्या फाइलीत होते.

कोकम बनवलं होतं स्मिता राणे या प्रयोगशाळेतल्या मुलीनं. वाशीत तिचं कोकम दोन मतांनी पुढे होतं. दिवाळ्याच्या बत्तीसपैकी सत्तावीस बायकांनी मात्र संत्र्याला कौल दिला आणि कोकम धुऊन निघालं. कपाटाची चावीही स्मिताकडेच होती. आता दोन अधिक दोन करायला चित्र्यांना कितीसा वेळ लागणार?

त्यांनी चहाच्या सुट्टीत, कॅन्टीनमध्ये, चाळीस माणसांदेखत तिला उभं केलं.

“हरलीस म्हणून फाइल गायब केलीस. शनिवारपर्यंत फाइल आण, नाहीतर राजीनामा दे. आणि तुझ्याबद्दल पुढे मला कुणी विचारलं, तर जे झालं तेच सांगेन.”

म्हणजे नुसती नोकरी जाणार नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर खाण्यापिण्याचे कारखाने असून असून किती, आणि मालक मंडळी एकमेकांना ओळखणारी. चोर म्हणून एकदा नाव झालं की स्मिताला कुणी दारात उभं केलं नसतं. नेरूळच्या दोन खोल्यांत तिची आई तिच्याच पगारावर घर चालवत होती.

पोलिसांत गेलं तर बातमी बाजारात फुटेल, म्हणून चित्र्यांनी वाशीला एका माणसाला फोन लावला. या माणसानं सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच मसाल्याचा एक घाणा नापास केला होता.

२

धर्मराज तांबे सरकारी अन्न निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्याला वर्ष झालं होतं. नोकरीत असताना त्यांनी कुठल्याही कारखान्याचा चहासुद्धा घेतला नाही. याचा अर्थ त्यांना खाण्यापिण्यात रस नव्हता असा मात्र कुणी घेऊ नये. जिभेचे चोचले नव्हते, जिभेला कुतूहल होतं. नवा पदार्थ दिसला की हा कशाचा, कुणी केला, का केला, हे समजेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. निवृत्तीनंतर घरी रोजचीच भाजीभाकरी, त्यामुळे माणूस आतून वाळत चालला होता. चित्र्यांचा फोन आला तसे ते चपला घालून निघालेसुद्धा.

चित्र्यांच्या टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. ब्याण्णव फॉर्मांचा गोषवारा, कुठल्या गावात कुणाला किती मतं.

“हा इथेच होता?” तांब्यांनी विचारलं.

“कालपासून इथेच आहे.”

“केबिनला कुलूप?”

“नसतं हो. कोण येतंय इथे?”

तांबे त्या कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “काल दिवसभरात फाइलीचा विषय कुठे निघाला होता का?”

“चहाला निघाला होता की. बुधवारी मुंबईचे डीलर येणार होते. मी सगळ्यांना सांगितलं, दिवाळ्याचे पाच फॉर्म उचलू, डीलरना गावात नेऊ, त्या बायकांशी समोरासमोर बोलू देऊ. आता कसले फॉर्म नि कसलं गाव.”

तांब्यांनी मान हलवली आणि स्मिताला बोलावून घेतलं. रडून झालं होतं, पण ती ताठ उभी होती.

“पुढल्या वर्षी लोक काय पितील, असं वाटतं तुला?”

असा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, “कोकम. निदान मला तरी तसं वाटतं. पित्तावर चांगलं, उन्हाला चांगलं, आणि आपलं आहे. पण काका, मी फाइल घेतली नाही.”

“कपाट काल कधी बंद केलंस?”

“साडेपाचला. चावी माझ्याकडे एक, शेवंताबाईंकडे एक.”

“फॉर्म तू सगळे वाचलेस?”

“बेरीज मीच केली. वाशीला मी गेले होते, दिवाळ्याला सर्व्हेवाला सुधीर. माझे फॉर्म बघवत नव्हते, काका. कोकमाचे डाग, ताकाचे ओघळ, एका फॉर्मवर तर कुणाच्या बाळानं हात उमटवलाय. सुधीरचे बत्तीसच्या बत्तीस कोरे करकरीत. मालकांनी ते दाखवून मला म्हटलंसुद्धा, काम असं करावं.”

“दिवाळ्याचं एखादं नाव आठवतं?”

“पहिलं आठवतं. गोजरा नाखवा. दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. ‘रंग सुंदर, मुलांना आवडेल.’” एवढं बोलून तिचा बांध फुटला. “आईला अजून सांगितलं नाहीये मी. सांगू कसं?”

तांब्यांना त्या मुलीची फार दया आली. पण दयेनं फाइल सापडत नाही. त्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या चावीकडे मोर्चा वळवला.

३

शेवंताबाई चवीच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. मसाला ताक त्यांचं, आणि ताकाला दोन्हीकडे मिळून सगळ्यांत कमी मतं. त्यांचंही पोट दुखायला जागा होती.

“मी कशाला घेऊ फाइल? ताक हरलं तर हरलं. आज नाय तर पाच वर्सांनी पितील. लोकांना ताक घुसळायचा कंटाळा आलाय साहेब, आमी बघतो ना रोज. पिशवी फोडली की ताक, एवढंच पायजे त्यांना.”

“चावी कुठे असते तुमची?”

शेवंताबाईंनी कणकेचा हात वर करून भिंतीकडे दाखवलं. खिळ्याला चाव्यांचा जुडगा लटकत होता. हात पिठात असले की तो तिथेच असतो, हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

झालं. म्हणजे कपाट कुणीही उघडू शकत होतं, आणि चावीमागे धावणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं होतं. तांबे उलट खूश झाले. कुणी घेतली हे कळत नसेल, तर का घेतली हे आधी शोधावं, असा त्यांचा जुना शिरस्ता होता.

तिसरा माणूस सुधीर पोतनीस. दादरचा, तीन महिन्यांपूर्वी लागलेला सर्व्हे ऑफिसर, तरतरीत, बोलायला मिठ्ठास. त्यानं न विचारता खुर्ची पुढे केली.

“पुढलं वर्ष रंगाचं आहे, साहेब. घरोघरी रंगीत टीव्ही येतोय. लोकांना पेलासुद्धा रंगीत पाहिजे. संत्रं जिंकणारच होतं.”

“दिवाळ्याला तुमचं कसं काय जमलं? कोळीवाड्यात नवखा माणूस म्हणजे अवघड.”

“अवघड काय त्यात? वेळ साधायची. मी शुक्रवारी बरोबर बाराला पोचलो. गृहिणी दुपारी बाराला घरातच सापडते, हा सर्व्हेचा पहिला नियम. घरोघरी गेलो, दोन तासांत बत्तीस फॉर्म. स्मिताबद्दल वाईट वाटतं, पण हरणं पचवायला शिकलं पाहिजे.”

हे शेवटचं वाक्य त्यानं खाली बघून म्हटलं.

जाता जाता तांबे फाटकावर थांबले. पहारेकरी गोटीराम पाटील पावण्याचाच. कारखाना उभा होता ती जमीन एकेकाळी त्याच्या बापाची भातखाचरं होती. त्यामुळे कारखान्यात काय चाललंय याची त्याला मालकापेक्षा जास्त खबर असे. त्यानं पाणी विचारलं आणि मेणकागदाच्या नव्या कोऱ्या पेल्यात ओतून दिलं.

“पेला छान आहे.”

“सुधीर सायबांनी दिलान. सुक्रवारी दिवाल्याशी आलं ना, तवा पन्नास पेल्यांचं पाकीट दिलान. फोडलंबी नव्हतं. बोलले, ठेव तुला.”

“आणि बाटल्या?”

“बाटल्या रिकाम्याच आल्या सगल्या. स्कूटरच्या मागं क्रेट खुलखुलत व्हता.”

तांबे पेल्यातलं पाणी संपवायचं विसरले. बाटल्या रिकाम्या आणि पेले भरलेल्या पाकिटात. मग बत्तीस बायका संत्र्याचं सरबत प्यायल्या कशातून?

“गोटीराम, पुढल्या वर्षी लोक काय पितील हो?”

“चा,” गोटीराम म्हणाला. “दुसरं काय पितील?”

४

घरी जाऊन तांबे जेवायला बसले, पण लक्ष जेवणात नव्हतं. शेवटी बायकोने ताटावरून उठवलं.

पेल्यांचा उलगडा दोन तऱ्हांनी होत होता. दिवाळ्याच्या बायकांनी आपापल्या घरातली भांडी पुढे केली असतील, तर पेले उरणारच. त्यात काही काळंबेरं नाही. एवढ्यावरून एखाद्याला चोर म्हणायचं, तर चित्र्यांत आणि आपल्यात फरक काय? बुधवारी सकाळी त्यांनी सरळ दिवाळ्याची बस धरली.

खाडीच्या काठाला होड्या आरामात पडल्या होत्या. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या खाली मांजरं आशाळभूत बसली होती. गोजरा नाखवा शोधायला लागली नाही. ती दारातच सुकट पाखडत होती, पन्नाशीची, खणखणीत आवाजाची.

तांब्यांनी विचारलं, “संत्र्याचं सरबत कसं होतं, बाई?”

“कसलं सरबत?”

“शुक्रवारी दुपारी कारखान्याचा माणूस आला होता ना तुमच्या घरी?”

गोजरा हातातलं सूप ठेवून हसायला लागली. शेजारणीलाही हाक मारून तिनं हा विनोद सांगितला.

“सुक्रवारी? सुक्रवारी गावान बाई व्हती का एक तरी? अवो काका, बुधवारची अवस झाली. अवसेच्या मागं तीन-चार दीस उधानाचं पानी. जाल्यान मासली मावत नाय. आमी बाया पहाटंच टोपल्या घेऊन जातू, कोन बेलापूर, कोन पनवेल. सांज होते घरी याला. तवर दारांना कुलपा.”

“आणि आज तुम्ही घरी कशा?”

“आता पानी उतरलं. दोन दिसांनी भांगाचं पानी, तवा तर होड्या हलायच्याबी नायत. तवा या, समदी जनी गावतील तुमाला.”

तांबे तिथेच ओट्यावर बसले. साठ वर्षं मुंबईत आणि आसपास काढली, ढीगभर मासे खाल्ले, पण मासळीवाल्या गावाचा दिवस घड्याळावर नाही तर चंद्रावर चालतो, हे त्यांना आज कळत होतं. एखादी बाई आजारी म्हणून घरी राहील, दोघी राहतील. बत्तीस जणी, उधाणाच्या शुक्रवारी, दुपारी बाराला, घरात? अशक्य.

त्यांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि लगेच रागही आला. कारण आता फाइल कुणी नेली एवढंच नाही, तर का नेली हेही त्यांना कळलं होतं.

५

दुपारी चवीच्या स्वयंपाकघरात चित्रे, स्मिता, सुधीर आणि शेवंताबाई जमले. तांब्यांनी उभ्यानेच सुरुवात केली.

“चित्रे साहेब, तुमच्या प्रतिस्पर्ध्याला तुमचा अंदाज हवा असता, तर त्यानं टेबलावरचा एक कागद उचलला असता. निकाल त्यातच होता. स्मिताला निकाल लपवायचा असता, तर तिनेही आधी तोच कागद फाडला असता. तो तर कुलपाबाहेर पडला होता, आणि त्याला कुणी हात लावला नाही. मग फॉर्ममध्ये असं काय होतं, जे त्या कागदात नव्हतं?”

स्मिताच म्हणाली, “नावं. आणि तारीखवेळ.”

“नावं आणि तारीखवेळ. फाइल नेणाऱ्याला निकालाची भीती नव्हती, नावांची होती. ही भीती सोमवारी चहाला सुरू झाली, तुम्ही बायकांना भेटायचं जाहीर केलंत तेव्हा. वाशीच्या नावांना भ्यायचं कारण नाही, त्या फॉर्मांवर बायकांनी सांडलेलं ताकसुद्धा आहे. दिवाळ्याच्या फॉर्मवर एक थेंब नाही. पेल्यांचं पाकीट फोडलेलं नाही. आणि शुक्रवारी अमावस्येचं उधाण होतं. दिवाळ्याची बाई उधाणाला घरात नसते, बाजारात असते. पोतनीस, गृहिणी दुपारी बाराला घरात सापडते हा तुमचा नियम दादरचा आहे. तो दिवाळ्याला चालत नाही.”

सुधीरने नाही म्हणण्याचा प्रयत्न करून पाहिला. मग तो खाली बसला.

“गेलो होतो मी,” तो म्हणाला. “खरंच गेलो होतो. घरोघर कुलपं. एक म्हातारा जाळं शिवत होता, तो म्हणाला संध्याकाळी या. आणि सर सोमवारी फॉर्म मागत होते. मतदारयादीची प्रत माझ्याकडे होती. बेलापूरला झाडाखाली बसलो आणि नावं घातली. बाटल्या खाडीत ओतल्या.”

“आणि फाइल?” चित्र्यांचा आवाज खोल गेला होता.

“बॉयलरमध्ये. नुसते दिवाळ्याचे काढले असते तर माझ्यावरच आलं असतं. म्हणून सगळी. स्मितावर येईल असं वाटलं नव्हतं, सर.”

“पण आलं,” तांबे म्हणाले. “फॉर्म तू भीतीनं भरलेस, मी समजू शकतो. पहिली नोकरी, मालक घाईचा. पण काल या मुलीला चाळीस माणसांत चोर म्हटलं, तेव्हा तू त्याच कॅन्टीनमध्ये चहा पीत होतास. त्याला भीती म्हणत नाहीत, बाबा.”

चित्र्यांनी सुधीरला जायला सांगितलं. मग ते स्मिताकडे वळले, घसा साफ केला आणि केबिनमध्ये चल म्हणाले.

“केबिनमध्ये कशाला?” तांब्यांनी विचारलं. “आरोप कॅन्टीनमध्ये झाला होता.”

चित्रे गोरेमोरे झाले. मानी माणूस, चाळीस कामगारांपुढे झुकायचं म्हणजे जिवावरचं होतं. पण त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही, कारण मध्येच स्मिता बोलली.

“माफी राहू दे, सर. आधी दिवाळ्याला मला पाठवा. तिथे खरं काय निघतं ते कुणालाच माहीत नाही. मी आता निर्दोष सुटले, तरी लोक म्हणतील, खऱ्या फॉर्मात हिचं कोकम जिंकलं असतं म्हणून ही खूश आहे. मला तो निकाल पाहिजे. जो असेल तो.”

६

शुक्रवारी अष्टमी होती, भांगाचं पाणी. स्मिता दिवाळ्याला गेली ती दोन क्रेट आणि पन्नास पेले घेऊन. सोबतीला तांबे गेले. कुतूहल अनावर, दुसरं काही नाही. होड्या जागच्या हलल्या नव्हत्या आणि गोजरेनं बत्तीस बायका ओट्यावर आणून बसवल्या होत्या. त्या प्यायल्या, नाकं मुरडली, एकमेकींच्या पेल्यातलं चाखलं, भांडल्या. चार वाजेपर्यंत फॉर्मांची पार दैना झाली होती.

परतताना बसमध्ये स्मिता फॉर्म मांडीवर घेऊन बेरीज करत होती. तांब्यांनी निकाल विचारला नाही, कारण मतं पडताना त्यांनी पाहिली होती.

शनिवारी चहाच्या सुट्टीत चित्रे कॅन्टीनमध्ये आले. त्यांनी कप खाली ठेवायला लावले आणि मोजून चार वाक्यं बोलले. मंगळवारी मी इथे स्मिता राणेला चोर म्हटलं. ते खोटं होतं. विचार न करता बोललो. तिची मी तुम्हा सगळ्यांसमोर माफी मागतो. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, पण वाक्यं अर्धवट सोडली नाहीत. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता, आणि घाईचा माणूस दुसऱ्याचं वाईटच करतो.

मग त्यांनी विचारलं, “निकाल मी वाचू?”

“मी वाचते,” स्मिता म्हणाली.

ती उभी राहिली. हातातल्या कागदाला माशांचा वास येत होता आणि तो कुणाला सहन होत नव्हता, पण एकही माणूस जागचा हलला नाही.

“दिवाळे, बत्तीस जणी. संत्रं, चौदा.” ती थांबली नाही. “कोकम, चार.”

मागच्या बाकावर कुणीतरी च्च केलं. सगळ्यांनाच कळलं होतं की या चारच्या आकड्याबरोबर तिची वर्षभराची मेहनत संपली, आणि हा आकडा तीच वाचते आहे. गोटीराम फाटक सोडून दारात आला होता, त्यानं टोपी काढली.

“त्या म्हणाल्या, कोकम घरी आहे, इकत कोण घेईल? तसंच लिहिलंय. मसाला ताक, तीन.”

शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला.

“चौदा, चार नि तीन, एकवीस,” चित्रे म्हणाले. “अकरा बायका राहिल्या.”

“अकरा जणींनी तिन्ही पेयं नाकारली. त्या म्हणाल्या, बाजारात टोपली घेऊन दिवसभर उन्हात बसतो, तिथे धड पाणी मिळत नाही. बाटलीतून विकायचंच असेल तर चांगलं पाणी विका. आम्ही घेऊ.”

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही, पण अख्खं कॅन्टीन हसायला लागलं. चित्र्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. “पाणी? पाणी विकत? अगं, पाणी कोण विकत घेणार?”

तांबे हसले नाहीत. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

“मला नाही माहीत, सर,” स्मिता म्हणाली. “त्या जे बोलल्या ते लिहिलंय.”

हसणं ओसरेपर्यंत ती थांबली, आणि मग एकेका बाईचं नाव मोठ्यानं वाचू लागली.